तंबोऱ्यातलं पिल्लू

आण्णांचा चहा घेऊन मी दुकानात गेले, तर तंबोरा ओरडत होता.

तारा नसलेला तंबोरा वाजत नाही, एवढं मलाही कळत होतं. कालच संध्याकाळी आण्णांनी त्याला नवी तबली चिकटवली होती. भोपळ्याच्या तोंडावर जी लाकडी पाटी बसते, तिला आम्ही तबली म्हणतो. सरस धरावा म्हणून पोटाभोवती आवळलेले सुतळीचे वेढे अजून तसेच होते आणि तंबोरा भिंतीला टेकून गुमान उभा होता. त्याच्याशेजारी, अगदी हात पोचेल एवढ्या अंतरावर, आण्णा मांडी घालून कानशीनं तारांखालची घोडी घासत होते. आणि तंबोऱ्याच्या आतून, पोकळ दांडीतून, खुंट्यांच्या उघड्या भोकांतून एक बारीक, चिरका आवाज येत होता. थांबत होता, पुन्हा येत होता.

"चहा," मी म्हणाले.

आण्णांनी मान वर केली नाही. मी वाकून कप त्यांच्या नजरेसमोर धरला, तेव्हा ते दचकले आणि हसले.

"मांजराच्या पायानं येतीस बघ वैजू. कळतसुदीक न्हाई."

तंबोरा पुन्हा ओरडला. या वेळी जरा जोरात. आण्णांनी चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "आईनं साखर जास्त घातलीया आज."

मी हो म्हणाले आणि आत पळाले.

हे सारं मिरजेतलं, आमच्या वाद्यांच्या गल्लीतलं. मी तेव्हा नुकती बी.ए. झाले होते आणि दर पंधरवड्याला पोहे घेऊन कुणा ना कुणापुढे जात होते. आण्णा, म्हणजे तातोबा सुतार, पोरवयात गल्लीच्या टोकाच्या मौलाभाईंच्या वडिलांच्या हाताखाली शिकले. गल्लीत तंबोरे करणारे ढीगभर होते. पण जवारी काढावी तातोबानंच, असं दूरदूरचे गाणारे म्हणायचे. तार ज्या घोडीवरून जाते, तिच्या पाठीला अगदी हलका उतार द्यायचा असतो. तार तिला पुरती टेकता कामा नये आणि पुरती सुटताही कामा नये. तो उतार साधला की एका तारेतून आतले सगळे सूर फुलून येतात. हीच जवारी. तिला फूटपट्टी नाही की काटा नाही. कानस फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं. पुन्हा कानस, पुन्हा ऐकायचं. कान हेच माप.

आणि आण्णांचा कान गेला होता.

एकदम नाही गेला, हळूहळू गेला. समोरची पिठाची गिरणी रात्री थांबली तरी ते ओरडूनच बोलत राहायचे, ही पहिली खूण. मग एकदा मौलाभाईंच्या दुकानात मी आण्णांनीच केलेला तंबोरा तारा उतरवून ठेवलेला पाहिला. गिऱ्हाईक आमच्या दारातून नमस्कार करून बाहेर पडलं होतं आणि गल्लीच्या टोकाला वळून तिकडे शिरलं होतं. मौलाभाई घोडी घासत होते. मला बघून त्यांनी ती फडक्याखाली सारली. "जरासंच करायचं होतं, बेटा," ते म्हणाले. "तातोबाला बोलू नको." मी आईला सांगितलं. आईला आधीच माहीत होतं.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," आई म्हणाली. "ज्या दिवशी त्यांना कळंल की गल्लीला कळलंय, त्या दिवशी ते संपले म्हणून समज."

तेव्हापासून घर आण्णांच्या कानांभोवती फिरू लागलं. बोलायचं झालं की आई आधी त्यांच्या समोर जाऊन उभी राहायची. दारात कुणी हाक मारली की मी लगबगीनं बाहेर यायचे आणि "आण्णा, बघा कोण आलंय" असं तोंड पुढे करून म्हणायचे. रेडिओ बिघडला म्हणून माळ्यावर टाकला. तो बिघडलेला नव्हता. इतक्या सफाईनं आम्ही हे करायचो की आम्हाला त्याचा थोडा अभिमानसुद्धा वाटू लागला होता.

भिंतीला टेकलेला तो तंबोरा देशिंगकर बाईंचा होता. बाई सांगलीला गाणं शिकवायच्या. तंबोरा त्यांच्या गुरूंचा, जुना. तसा जाड सालीचा, घागरीएवढा भोपळा आता कुठल्या शेतात येत नाही. तबली खचली होती म्हणून त्यांनी तो आण्णांकडे दिला होता. दुसऱ्या कुणाच्या हातात देण्याची त्यांची तयारी नव्हती. त्या दिवशी दुपारी त्या काम बघायला येणार होत्या.

मांजराचं म्हणाल तर आण्णांना मांजरांचा राग. पॉलिशवर नखं मारतात. पण माळ्यावरच्या भोपळ्यांत एक कबरी मांजर व्याली होती आणि व्यालेल्या मांजराला हुसकायचं नाही म्हणून आईनं तिला राहू दिलं होतं. मांजर पिल्लांना सात घरं दाखवतं म्हणतात. आदल्या दिवशी तिनं बिऱ्हाड हलवलं. एकेक पिल्लू मानेला धरून गिरणीच्या मागे नेत होती. त्यातलं एक वाटेत सुटलं असणार आणि बाईंच्या उघड्या भोपळ्यात, भुशाच्या उबेला, झोपलं असणार. संध्याकाळी भारनियमन होतं. आण्णांनी कंदिलाच्या उजेडात तबली बसवली. कढत सरस कुणासाठी थांबत नाही. तो लावला की झटक्यात पाटी बसवून दाबावी लागते. भोपळ्यात वाकून बघायची तशी कुणाची रीतही नसते. तबली बसताना ते पिल्लू ओरडलं असणारच. शेजारी दुसरं कुणी असतं तर त्यानं ऐकलं असतं. शेजारी आण्णा होते.

स्वयंपाकघरात आई भाकरी थापत होती. मी दार लोटलं आणि तिला कुजबुजत सगळं सांगितलं. आम्ही कुणापासून लपवायला कुजबुजत होतो, देव जाणे.

"आतच हाय? नक्की?" आईनं विचारलं.

"तूच ऐक."

ती पिठाच्या हातांनी दुकानाच्या दाराशी गेली आणि लगेच परत आली. तवा तापून धूर येत होता, तिचं लक्ष नव्हतं.

"तबली काढायला लागंल," मी म्हणाले.

"कोण सांगणार त्यांना? काय म्हणून सांगणार? सकाळपासनं तुमच्या मांडीला लागून जीव बोंबलतोय आणि तुम्हाला..." तिनं वाक्य गिळलं.

"मग काय, मरू द्यायचं?"

"मांजर मारल्याचं पाप काशीला सोन्याचं मांजर वाहिलं तरी फिटत न्हाई." आई पाटावर बसली. "आणि हे सांगितलं तर तो माणूस खचंल. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. मी काय करू सांग."

तिनं डोळ्याला पदर लावला. मला तिचा राग आला आणि कीवही आली. मग मीच तोडगा काढला. गिरणीवाल्यांकडे फोन होता, त्यावर बाईंचा निरोप आला असं सांगायचं. नवी तबली नको, जुनीच दुरुस्त करून लावा, असं बाई म्हणतात. आईला ते पटलं. आम्हाला अशा गोष्टी एव्हाना फार पटकन सुचायच्या.

मी जाऊन आण्णांच्या समोर बसले आणि निरोप सांगितला. मी बोलत असताना माझ्या खांद्यामागून पिल्लू ओरडत होतं. त्या आवाजावर माझा आवाज चढत होता आणि मला तो आवरत नव्हता.

आण्णा हसायला लागले. "तबली बसल्यावर निरोप व्हय? बाईंना म्हणावं, आता उघडायचा म्हंजे भोपळ्याशी खेळ हाय. जुनी साल. कवा तडकंल सांगता येत न्हाई. आल्या की मी समजावतो त्यांना."

"पण आण्णा..."

"मी समजावतो म्हणलं न्हवं?" आणि ते पुन्हा घोडी घासू लागले.

मी अनवाणीच मौलाभाईंकडे पळाले. ते आले. उंबऱ्यातच त्यांना आवाज ऐकू आला आणि त्यांचा चेहरा पडला. तरी सावरून ते आण्णांसमोर बसले, त्यांच्या डब्यातला विडा लावून घेतला, इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या.

"तातोबा," शेवटी ते म्हणाले, "बाईंचा तंबोरा दोन दिवस माझ्याकडं दे की. भोपळ्याचं माप घेतो. तसला एक करावा म्हणतो."

"घे की माप. हितंच घे."

"घरी निवांत घेतो."

"दुसऱ्याची अमानत हाय मौला. बाई आल्यावर काय सांगू? तुझ्या वडलांनीच शिकवलंय, गिऱ्हाइकाचं वाद्य उंबऱ्याबाहेर जाता कामा नये." आण्णा अजून हसतच होते. "काय झालंय काय आज सगळ्यांना? सकाळपासनं माझ्या तंबोऱ्यावर टपलाईसा."

त्याच वेळी पिल्लू ओरडलं. आधीपेक्षा क्षीण, पण लांब. दारात उभी असलेली आई, मी आणि मौलाभाई, आम्ही तिघांनीही एकाच वेळी तंबोऱ्याकडे पाहिलं. आणि तिघांनीही एकाच वेळी नजर काढून घेतली.

आण्णांचं हसू गेलं. त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. थोड्या वेळानं आवाज पुन्हा आला आणि आमचे डोळे, कितीही आवरलं तरी, पुन्हा तिकडे गेले. आण्णा तेवढंच बघत होते.

मग त्यांनी हात लांब केला आणि तळवा भोपळ्यावर ठेवला. डॉक्टर छातीवर ठेवतात तसा, बोटं पसरून. ते वाट बघत राहिले. आत काहीतरी हललं असावं, नखं घासली असावीत. ती थरथर त्यांच्या तळव्याला जाणवलेली मला दिसली. त्यांनी हात काढला नाही.

"काय हाय आत?" त्यांनी विचारलं.

"अहो, उंदीर असंल," आई म्हणाली.

"वैजू, तू सांग."

"मांजराचं पिल्लू आहे, आण्णा."

"ओरडतंय?"

"हो."

"कवापासनं?"

मी आईकडे पाहिलं नाही. "सकाळपासनं. कदाचित रात्रीपासनं."

त्यांनी मान हलवली. सुतळीच्या गाठी सोडल्या. तंबोरा आडवा घेतला, पोत्यावर ठेवला आणि पटाशी हातात घेतली. मौलाभाई म्हणाले, "दे, मी काढतो." आण्णांनी ते पाहिलं नाही. ते आमच्याकडे पाठ करून बसले होते. मला वाटतं, आपलं तोंड आम्हाला दिसू नये म्हणूनच तसे बसले होते.

जुना भोपळा उघडताना एक गोष्ट पाळायची असते. भोपळा फुटण्याआधी बोलतो. साल तडकायच्या आधी एक बारीकसा 'टक' असा आवाज येतो. तो आला की हात जागीच थांबवायचा, पटाशी काढून दुसऱ्या बाजूनं सुरुवात करायची. मौलाभाईंच्या वडिलांनी दोघांनाही हेच पहिल्यांदा शिकवलं होतं. आण्णांनी जन्मात एक भोपळा फोडला नव्हता.

मी तो 'टक' ऐकला. मौलाभाईंनीही ऐकला.

"थांब, तातोबा!" ते ओरडले.

आण्णांचा हात तसाच पुढे जात राहिला. त्यांनी पटाशीवर हळूच भार दिला, नेहमीच्या सवयीनं, अगदी मायेनं. मौलाभाई त्यांच्या खांद्यापर्यंत पोचेतो भोपळा काठापासून बुडापर्यंत उकलला. हाताखालचं लाकूड एकदम सैल पडलं तेव्हाच आण्णांना कळलं. ते त्या भेगेकडे बघत बसले. मौलाभाईंचा हात त्यांच्या खांद्यावर होता आणि आता त्याचा काही उपयोग नव्हता.

पिल्लाला बाहेर मी काढलं. मूठभर होतं, भुरकट, पाठीवर काळा पट्टा. एका बाजूच्या केसांना सरस लागून ते कडक झाले होते. डोळे चिकटले होते. माझ्या ओंजळीत ते तोंड उघडून ओरडत होतं, पण तोवर नुसती हवा येत होती, आवाज संपला होता. मला मांजरं कधी आवडली नव्हती. कोमट पाण्यानं मी त्याचे डोळे पुसले, कारण दुसरं काय करावं ते मला सुचेना.

आण्णांनी आईला समोर बसायला सांगितलं. ती बसली.

"तुमास्नी कवापासनं ठावं हाय?"

आई रडायला लागली.

"वर्ष होऊन गेलं," मी म्हणाले.

"आणि तुला?" त्यांनी मौलाभाईंना विचारलं. मौलाभाईंनी जमिनीकडे पाहिलं.

"मला दोन वर्सं झाली," आण्णा म्हणाले. "मी लपवत हुतो. मला वाटलं, जमलं मला."

समोर गिरणी चालू होती. आण्णांच्या मांडीवर भुसा पडला होता, तो ते एकेक कण टिपून बाजूला टाकत होते.

दुपारी देशिंगकर बाई आल्या, तेव्हा मौलाभाई अजून दुकानातच होते. रिक्षातून उतरतानाच त्यांना उकललेला भोपळा दिसला. बाई उंच होत्या, ताठ होत्या, शिष्यांना एका नजरेत गप्प करायच्या. त्या उंबऱ्याला टेकल्या. पण क्षणभरच.

"होतं असं, तातोबा," त्या म्हणाल्या. "वस्तू आहे. दुसरा भोपळा मिळेल."

"न्हाई मिळणार बाई. तुम्हालाबी ठावं हाय." आण्णा त्यांच्या ओठांकडे बघून बोलत होते. इतके दिवस चोरून बघायचे, आज उघड बघत होते. "एक विचारतो. मागं तुमच्या धारवाडच्या शिष्येचा तंबोरा केला. त्याची जवारी कशी लागली हुती?"

"उत्तम लागली होती. अजून सगळे विचारतात, कुणी काढली म्हणून."

हे म्हणताना बाईंची नजर मौलाभाईंकडे गेली. फार नाही, पापणी लवेल एवढाच वेळ. सकाळपर्यंत आण्णांना ती दिसलीही नसती. आता दिसली. त्यांनी बाईंना वाकून नमस्कार केला, कानस पुसून डब्यात ठेवली आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

बाई गेल्या तशी आई म्हणाली, "वैजू, ते पिल्लू मंडईत सोडून ये. घरात नको. ह्याच्यामुळं झालं सगळं."

मी ते मंडईत नाही नेलं. आधी गिरणीच्या मागे, त्याच्या आईजवळ नेऊन ठेवलं. कबरी आली, तिनं पिल्लाला हुंगलं, सरसाचा वास आला असावा, आणि ती मागे सरली. मी पुन्हा तिच्यापुढे सरकवलं. ती बाकीच्या पिल्लांपाशी जाऊन त्यांना पाजत बसली. हे तिच्याकडे तोंड करून आ करत राहिलं. मी तिथेच मातीत बसून रडले. मग त्याला ओढणीत गुंडाळलं आणि घरी आणलं.

"आणलंस परत?" आई म्हणाली.

"राहील ते इथंच."

"कशाला?"

मी तिला सांगितलं. आम्ही सगळी शहाणीसुरती माणसं वर्षभर आण्णांशी खोटं बोलत होतो. या घरात त्यांच्याशी खरं बोललं ते हे एकटं. ते घराबाहेर जाणार नाही. संध्याकाळी तिनं बशीत दूध आणि कापसाची वात आणून माझ्यासमोर ठेवली.

आण्णांनी पुन्हा घोडीला कानस लावली नाही. गिऱ्हाइकं येत राहिली, आधीपेक्षा जास्तच आली, कारण गल्लीत गोष्ट पसरली होती आणि लोक चांगले होते. कुणी म्हणायचं, नुसतं बसा, हात लावा, बाकी आम्ही बघतो. तसलं कुणी बोलून गेलं की त्या दिवशी आण्णा जेवायचे नाहीत.

मी एकदा त्यांच्यासमोर घोडी आणि कानस घेऊन बसले. म्हणाले, "आण्णा, मला शिकवा. मला ऐकू येतं." पोरीच्या हातात कानस देण्याची रीत आमच्यात नव्हती. पण त्यांनी नाही म्हटलं नाही. त्यांचा चेहरा उजळल्याचं मी त्या वर्षात तेवढं एकदाच पाहिलं. त्यांनी माझा हात धरून उतार दिला, तार चढवली, मला छेडायला लावली आणि स्वतः तबलीवर तळवा ठेवून बसले.

"कसा आला?"

"चांगला आला."

"चांगला म्हंजे कसा?"

मला सांगता येईना. त्या आवाजाला आमच्यात शब्दच नव्हते. त्यांना त्यांच्या उस्तादांनी तो सांगितला नव्हता, ऐकवला होता. मी म्हणाले, "गोल येतोय, आण्णा. खरंच, छान येतोय."

त्यांनी तबलीवरचा हात उचलला. "तुम्ही छानच म्हणणार," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते. त्यांनी माझ्या हातातून कानस काढून घेतली आणि आम्ही पुन्हा कधी बसलो नाही. माझ्या कानात काही होतं की नव्हतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. सांगू शकणारा माणूस एकच होता, आणि तो माझ्या शब्दावर विसंबायला तयार नव्हता.

मांजर मात्र वाढलं. अंगानं धडधाकट झालं, उंदीर मारू लागलं, पण त्याचा आवाज काही परत आला नाही. त्या भोपळ्यात त्यानं तो ओरडून संपवला होता. जनावरांच्या डॉक्टरांनी घसा बघून आवाज परत येईल म्हणून सांगितलं, ते काही खरं झालं नाही. भूक लागली की ते समोर येऊन बसायचं, आणि मान वर करून तोंड पूर्ण उघडायचं. त्यातून काहीच यायचं नाही.

ते आण्णांच्याच पायाशी असायचं. पुढे दुकान बंदच झालं, त्याच्या पायरीवर दोघं बसलेले असायचे. आण्णा त्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचे आणि आत हाक मारायचे, "वैजू, ओरडतंय बघ. दूध दे त्याला." मी दूध द्यायचे. ते म्हणायचे, "किती येळ ओरडतंय. ऐकू येत न्हाई व्हय तुम्हाला?" आई आतून माझ्याकडे बघायची. मी पुन्हा दूध द्यायचे.

एके दिवशी मला ते सहन झालं नाही. लग्न ठरलं होतं, आठवड्यानं मी जाणार होते. आता ह्या घरात एक तरी गोष्ट खरी बोलून जावी असं मला वाटलं. मी पायरीवर त्यांच्यासमोर बसले. ओठ दिसावेत म्हणून सावकाश बोलले.

"आण्णा, ते ओरडत नाही. त्याचा आवाज गेलाय. त्या दिवसापासून गेलाय. मलाही ऐकू येत नाही त्याचं."

त्यांनी माझं बोलणं नीट वाचलं. मग मांजराकडे पाहिलं. ते तोंड उघडून बसलं होतं, गळ्याची शीर ताणलेली. मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं. लहान मूल आपल्यासाठी काही लपवतंय हे कळल्यावर मोठी माणसं हसतात, तसे ते हसले, आणि माझ्या गालावरून हात फिरवला.

"कुणालाच ऐकू येत न्हाई म्हंतीस?"

"कुणालाच नाही, आण्णा. देवाशपथ."

"बरं," ते म्हणाले. "आता जायच्या येळंला तरी खोटं बोलू नगं, पोरी. जा, दूध आण त्याला."

मी उठले आणि दूध आणायला आत गेले.